कामाच्या ठिकाणचे दुपारचे जेवण : कोल्हापुरातील अनुभव

निमंत्रण
१९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाज स्थिती संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून १०० वर आणली. तरीही कॅन्टीन असणे आणि तिथे माणसे एकत्र जेवणे या निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे जेवणाची व्यवस्था कशी आहे आणि तिच्यामुळे परस्परांच्या वागण्यात काय फरक पडला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

पर्यवेक्षक, फाउंड्री (धातू ओतकामाचा कारखाना), शिरोली
आमच्याकडे पूर्वी कार्यालयीन कर्मचारी वरच्या मजल्यावर आणि कामगार खाली शेडमध्ये जेवत असत. स्वयंपाक एकाच ठेकेदाराचा असूनही वरच्या ताटात एक भाजी जास्त असे. नव्या व्यवस्थापकांनी वरची खोली बंद केली आणि ते स्वतः ताट घेऊन रांगेत उभे राहू लागले. सुरुवातीला त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची, पण ते रोज येत राहिले आणि ती हळूहळू भरू लागली. मला अधिक मोलाचा वाटतो तो दोन विभागांमधला बदल. मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणारा) आणि फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणारा) या विभागांचा संबंध तोवर नापास मालाच्या नोंदीपुरता होता आणि त्या नोंदींवरून वाद होत. एका टेबलावर बसू लागल्यावर फेटलिंगच्या एका जुन्या कामगाराने सहज सांगितले, की ठराविक नमुन्याच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, वाळू चिकटून येते आणि ती घासून काढण्यात पाळीचा मोठा भाग जातो. मोल्डिंगच्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्या साच्याचे कोटिंग, म्हणजे आतला लेप, तपासले. कागदावरून ही गोष्ट कधी पोहोचली नव्हती. भट्टीत धातू तयार असताना मेल्टिंगची (धातू वितळवणारी) माणसे मात्र उठू शकत नाहीत. त्यांच्यासाठी जेवण राखून ठेवले जाते, तरी सर्वांबरोबर न बसल्याची उणीव त्याने भरून निघत नाही.

कंत्राटी कामगार, कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहत
आमच्याकडे जेवण सर्वांना तेच मिळते, परंतु कायम कामगारांचे कूपन पांढरे, आमचे पिवळे आणि आमची वेळ त्यांच्यानंतरची. जेवणाला नावे ठेवावीत असे काही नाही. मात्र रोज दुपारी आमचे वेगळेपण दाखवून देणाऱ्या व्यवस्थेला आपुलकी वाढवणारा उपक्रम म्हणू नये, असे मला मनापासून वाटते. कूपनाचा रंग एक करण्यास खर्च येत नाही.

निवृत्त कामगार कार्यकर्ता, शाहूपुरी
वरील तक्रार कोल्हापुरात तरी गांभीर्याने घेतली जावी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढण्यास मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. महाराजांनी केवळ हुकूम काढला असता, तर शहराला तो विसरता आला असता; राजाने सर्वांसमक्ष उचललेला कप विसरता आला नाही. अधिकाऱ्यांनी रांगेत उभे राहण्याचे महत्त्व मला याच कारणाने वाटते.

मनुष्यबळ विभाग, सॉफ्टवेअर कार्यालय, राजारामपुरी
आम्ही केवळ बुधवारी कार्यालयाकडून जेवण देतो. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे अनेक असल्याने हा वार ठरला. शाकाहारी जेवणाची भांडी आणि पळ्या वेगळ्या असतात, आखाडात तांबडा-पांढरा रस्साही होतो. इतर दिवशी घरचे डबे येतात आणि डब्यांतील भाजीची देवाणघेवाण मोडू नये, म्हणून आम्ही दिवस वाढवलेले नाहीत. मध्यंतरी जेवणाच्या वेळेत सादरीकरणे ठेवण्याची प्रथा पडली, तेव्हा माणसे डबा घेऊन गच्चीवर जाऊ लागली. ती प्रथा बंद झाली आणि सर्व परतले.

बचत गटाच्या सदस्या, गोकुळ शिरगाव
आम्ही तीन कारखान्यांना जेवण पुरवतो. बिहार-ओडिशाकडील मुलांना भात भरपूर लागतो, आपल्याकडच्यांना भाकरी आणि खर्डा हवा असतो. याची जाण कार्यालयात बसून ठरवलेल्या यादीत नसते. कॅन्टीनच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधित्व असावे, हे १९४८ च्या अधिनियमातच होते, आणि जिथे अशी समिती खरोखर बसते तिथून उष्टे अन्न कमी परत येते. एका समितीत ओडिया मुलांनी मोहरीच्या तेलातले बटाट्याचे भरीत सुचवले आणि स्वतः आमच्या स्वयंपाकघरात येऊन शिकवले. आता ते भरीत इथली मंडळी मागून घेतात, आणि ज्यांना पूर्वी कोणी नावाने ओळखत नव्हते त्या मुलांना नावाने हाका मारतात.

वर्कशॉपचे मालक, शिवाजी उद्यमनगर
आम्ही अकराजण आहोत, त्यामुळे कॅन्टीन शक्य नाही. लेथ आणि ड्रिल एकाच वेळी बंद करून अर्धा तास सर्वांनी एकत्र डबे उघडायचे, ताक आणि एक गरम भाजी माझ्याकडून, एवढीच व्यवस्था आहे. शेजारच्या दोन वर्कशॉपना यात सामील करून घेण्याचा विचार आहे; खर्च माणशी वाटावा की मालकांनी समान उचलावा, याचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.