डिस्प्रॅक्सिया असलेल्या मुलाचे बोलणे संभाषणात मागे का पडते?

प्रतापनगरची आई:
नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. दोन वर्षांपूर्वी त्याला डिस्प्रॅक्सिया, म्हणजेच हालचालींचा मेळ बसवणे अवघड करणारा विकासात्मक समन्वय विकार, असल्याचे निदान झाले. शर्टाची बटणे, बुटाची नाडी, सायकल, ओळ सोडून भरकटणारे अक्षर या सगळ्याचा उलगडा त्या एका शब्दाने झाला. बोलण्याचा मात्र झाला नाही. 'सीताबर्डी' हे आमच्या नागपुरातल्या भागाचे नाव तो सकाळी स्पष्ट म्हणतो आणि संध्याकाळी शाळेतून दमून आला की त्याचाच 'सीबातर्डी' होतो. पुन्हा म्हणायला लावले, तर तिसरेच काहीतरी बाहेर पडते.

मागच्या रविवारी आम्ही मेट्रोने बर्डीला, म्हणजे सीताबर्डीलाच, गेलो होतो. परतल्यावर आजोबांना हकिकत सांगताना त्याने सुरुवातच "मग ते दार बंद झालं" अशी केली. कोणते दार, कुठले, याचा पत्ता नाही. आजोबा म्हणाले, "अरे, पहिल्यापासून सांग ना बाप्पा!" त्यावर तो जो गप्प झाला, तो थेट जेवणाच्या वेळी, सगळे क्रिकेटवर बोलत असताना, भलत्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली होती!" सगळे हसले. शाळेची तक्रार अशी, की त्याचे लक्ष नसते आणि विचारल्यावर तो उत्तर देत नाही. सासूबाई वेखंड उगाळून जिभेला लावतात, तर एका नातेवाइकांच्या मते जीभ चिकटलेली असून ती कापून मोकळी करावी. हे सगळे डिस्प्रॅक्सियाचेच आहे की आणखी काही निराळे आहे? आणि घरात त्याच्याशी बोलताना आम्ही नेमके काय करावे?

वाचा-उपचार, धरमपेठ:
ताई, तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून त्या आधी सुट्या करू.

पहिली गोष्ट उच्चाराची. एखादा शब्द बोलताना ओठ, जीभ, टाळू आणि श्वास यांच्या हालचाली ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेळी व्हाव्या लागतात. शब्द मनात स्पष्ट असतो, स्नायूंत बळही असते, पण त्या हालचालींचा आराखडा ऐन वेळी नीट बांधला जात नाही, अशा अडचणीला वाचिक डिस्प्रॅक्सिया किंवा बालपणीचा वाणी-अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. अमेरिकेतील वाक्-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्ये याच्या ओळखीसाठी तीन खुणा पुढे ठेवल्या: तोच शब्द पुन्हा म्हणताना चुका बदलत राहणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना अडखळणे किंवा वेळ लागणे, आणि बोलण्याची लय बिघडणे. 'सीबातर्डी' आणि त्यानंतरचे 'तिसरेच काहीतरी' मला पहिल्या खुणेची आठवण करून देते. लांब आणि जोडाक्षरांच्या शब्दांत हे अधिक दिसते. 'घर' सहज जमते, 'कस्तुरचंद पार्क' फसते. तरीही एवढ्यावरून निदान करता येत नाही, कारण नऊ वर्षांच्या दमलेल्या मुलाचा एखादा शब्द उलटापालटा होणे वेगळे आणि रोजच्या बोलण्यात ते सतत होणे वेगळे. शिवाय समन्वय विकार शाळकरी वयाच्या साधारण 5 ते 6 टक्के मुलांत आढळतो, तर वाणी-अ‍ॅप्रॅक्सिया त्याहून कितीतरी दुर्मिळ, हजारात एक-दोन मुलांत असल्याचा अंदाज आहे. दोन्ही एकाच मुलात असू शकतात, पण एक आहे म्हणून दुसरा असणारच, असे नाही.

जीभ चिकटल्याचा प्रश्न तुमच्या मुलानेच सोडवला आहे. जीभ उचलली जात नसती, तर ती सकाळीही उचलली गेली नसती आणि चूक प्रत्येक वेळी सारखीच झाली असती. वेखंडाने जिभेला चव कळेल, शब्दातल्या अक्षरांचा क्रम कळणार नाही. फुगे फुगवणे, पिपाणी वाजवणे हे व्यायामही आपल्याकडे सर्रास सांगितले जातात; त्यांनी उच्चार सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. बोलण्याची हालचाल बोलूनच शिकावी लागते, आणि तीही आठवड्यातून एकदा तासभर बसवून नव्हे, तर थोडा थोडा वेळ, पुष्कळदा.

दुसरी गोष्ट संभाषणाची, आणि माझ्या मते घरी तीच अधिक जड जात असावी. ऐकायचे, अर्थ लावायचा, उत्तराची जुळणी करायची आणि समोरचा थांबतो त्या क्षणी शिरायचे, हे सगळे आपण नकळत करतो. या मुलांना त्यातले बरेचसे जाणीवपूर्वक करावे लागते. उत्तर तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो; म्हणून खिडकीचे वाक्य क्रिकेटमध्ये आले. ते असंबद्ध नव्हते, उशिरा पोहोचले होते. हकिकतीत क्रम लावताना होणारी ओढाताण आणि आवाजाची पातळी न साधणे, हेही डिस्प्रॅक्सिया असलेल्या अनेकांत दिसते.

आधी श्रवण चाचणी करून घ्यावी आणि मग वाणीची. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये. घरी प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे, आणि त्या वेळात तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारू नये, कारण त्याची अर्धी झालेली जुळणी त्याने मोडते. चुकलेला शब्द पुन्हा म्हणायला लावण्याऐवजी आपल्या वाक्यात तो सहज बरोबर वापरावा: "हो, सीताबर्डीला गर्दी होतीच."

गणेशपेठकर:
माझे वय चौतीस आहे आणि मला हे निदान एकोणतिसाव्या वर्षी मिळाले, म्हणून आतली बाजू सांगतो. ऑटोवाल्याने "कुठं जाऊन राहिले भाऊ?" असे विचारले की मला ठिकाण माहीत असते, ते डोळ्यांसमोर दिसतही असते, पण शब्द तोंडाशी येईपर्यंत त्याने दुसरे गिऱ्हाईक घेतलेले असते. हल्ली मी हात दाखवण्याआधीच ठिकाणाचे नाव मनात दोनदा म्हणून ठेवतो. फोन करायचा असेल तर पहिली दोन वाक्ये कागदावर लिहितो. पलीकडच्याने तिसराच प्रश्न विचारला की तो कागद कुचकामी ठरतो, ही गोष्ट वेगळी.

एक बाब वरच्या उत्तरात राहिली. चालताना बोलणे मला अवघड जाते. मित्रांबरोबर अंबाझरीला फिरताना माझे निम्मे लक्ष पायांकडे असते, म्हणून मी गप्प असतो, आणि त्यांना वाटते की हा रुसला. टपरीवर चहा घेत एका जागी उभे राहिलो की मीच सगळ्यांत जास्त बोलतो. ताई, जेवताना घास, ताट-वाटी आणि पाच जणांचे बोलणे एकदम सांभाळायला लावण्याऐवजी, जेवण झाल्यावर त्याच्याशी एकट्याने बोलून पाहा. आणि कृपा करून त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. माझी आई प्रेमापोटीच करायची. पण ती बहुधा वेगळेच वाक्य पूर्ण करायची, आणि मग मीही मान डोलावून मोकळा होत असे.

निवृत्त शिक्षिका, महाल:
शाळेशी बोलताना निदानाचा कागद बरोबर न्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा नावानिशी उल्लेख आहे, हे अनेक शिक्षकांना ठाऊक नसते; माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांपर्यंत मलाही नव्हते. तोंडी परीक्षेचे प्रश्न त्याला आदल्या दिवशी मिळावेत आणि वर्गात विचारण्यापूर्वी "आता तुझी पाळी येणार आहे" असे सांगावे, एवढी विनंती करून बघा. यासाठी शाळेला खर्च येत नाही, त्यामुळे नकार देणेही कठीण जाते.

प्रतापनगरची आई:
सर्वांचे मनापासून आभार. काल जेवणानंतर आजोबांनी टीव्ही बंद केला आणि मी मोबाइलमधली मेट्रोची चार छायाचित्रे क्रमाने लावून मुलाच्या हाती दिली. तिकीट, जिना, दार, खिडकी अशी हकिकत त्याने बारा मिनिटे सांगितली. 'सीबातर्डी' दोनदा झाली आणि कुणीही टोकले नाही. दहापर्यंत मोजणे मात्र माझ्यासारख्या घाईच्या बाईला फारच जड जाते, असे अनुभवास आले. तपासणीची वेळ मंगळवारची मिळाली आहे. तिथे 'प-ट-क, प-ट-क' असे भराभर म्हणायला लावतात, असे ऐकले. घरी त्याची तयारी करून घ्यावी काय?

वाचा-उपचार, धरमपेठ:
नको, ताई. घोटून आणलेले 'प-ट-क' ऐकून आम्हाला फारसे काही कळत नाही. त्याऐवजी त्याच्या नेहमीच्या बोलण्याचे मोबाइलवर दोन-तीन तुकडे ध्वनिमुद्रित करून आणा, एक सकाळचा आणि एक शाळेतून आल्यानंतरचा.