मदत हवी आहे: लाईट गेली की एसडी कार्डावरची नोंद बिघडते, फॅट फाईल सिस्टिम (कार्डावर फाइली मांडायची पद्धत) ठेवू की लिटलएफएस घेऊ?

नमस्कार मंडळी,

गोवळकोटला वाशिष्ठीच्या काठी आम्ही गावातल्या मुलांनी पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवलंय. वर अल्ट्रासॉनिक सेन्सर, डब्यात एसटीएम३२एफ१०३ ही छोटी कंट्रोलर चिप, नोंद एसडी कार्डावर. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी नेमकं किती वाजता चढायला लागलं, हे आजही दहा जण दहा तऱ्हेनं सांगतात. इथं पाणी नुसत्या पावसाचं नसतं. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीतच येतं, आणि खाली दाभोळकडून भरती लागलेली असली की ते उतरायला वेळ घेतं. म्हणून दर ५ मिनिटांची नोंद भरतीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघायची आहे.

अडचण अशी, की ज्या रात्री नोंद सर्वांत जास्त हवी त्याच रात्री ती जाते. लाईट नसते, आषाढात सोलरवर बॅटरी भरत नाही आणि यंत्र मध्येच बंद पडतं. नंतर कार्ड काढून बघावं तर कधी शेवटचा तास गायब, कधी फाईल शून्य बाइटची. एकदा तर कॉम्प्युटर कार्ड फॉरमॅट करायलाच सांगत होता.

प्रोग्रॅममध्ये फॅटएफएस, म्हणजे फॅट वापरायची लायब्ररी आहे. दर नोंदीला एफ_राइट (फाईलमध्ये लिहिणं), तासाला एकदा एफ_सिंक (लिहिलेलं कार्डावर पक्कं करणं). फाईलचा आकार सिंक होईपर्यंत डिरेक्टरीत (फाइलींच्या यादीत) लिहिला जात नाही, त्यामुळे शेवटचा तास जाणं कळतं. पण अख्खं कार्ड का जावं? दर नोंदीला सिंक केलं तर भागेल का? बोर्डावर डब्ल्यू२५क्यू६४ ही ८ एमबीची फ्लॅश (वीज गेली तरी माहिती ठेवणारी मेमरी चिप) रिकामी आहे, तिच्यावर लिटलएफएस ही छोट्या यंत्रांसाठीची फाईल सिस्टिम घालू का? रॅम २० केबीच आहे. आणि फाईल शेवटी शाळेतल्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उघडली पाहिजे, ही अट सोडता येणार नाही.

प्रतिसाद १

दादा, दर नोंदीला सिंक कराच, पण तेवढ्यावर विसंबू नका. एसडी कार्ड एका लिखाणाला २५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतं. त्या वेळात वीज तुटली तर कार्डातला कंट्रोलर आतल्या आत जो मोठा ब्लॉक हलवत असतो तोच अर्धवट राहतो. त्यात तुमची नोंदच असेल असं नाही, कुठली फाईल कुठं आहे हे सांगणारं फॅटचं कोष्टकही असू शकतं. अख्खं कार्ड गेलं ते बहुधा यामुळेच. एसटीएममधला व्होल्टेज डिटेक्टर चालू करा, व्होल्टेज उतरायला लागलं की नवं लिखाण थांबवा, आणि चालू असलेलं पुरं होण्यापुरता सुपरकपॅसिटर (थोडा वेळ वीज पुरवणारा साठा) लावा.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझं मत वेगळं आहे. ज्या कार्डावर रोज लिहायचं तेच काढून शाळेत न्यायचं, इथंच घोळ आहे. ही दोन कामं वेगळी करा.

तुमच्या नोंदी एकाच मापाच्या आहेत आणि फक्त शेवटी जोडल्या जातात. याला फाईल सिस्टिमच लागत नाही. एक नोंद ३२ बाइटची धरा: अनुक्रमांक, वेळ, पातळी, बॅटरी आणि शेवटी सीआरसी (नोंद धड आहे का ते ओळखायचा तपासणी-आकडा). फ्लॅश ४ केबीच्या तुकड्यांनी, म्हणजे सेक्टरांनी पुसली जाते; एका सेक्टरात अशा १२८ बसतात. दिवसाच्या २८८ नोंदी, म्हणजे ८ एमबीत साधारण ९१० दिवस. भरलं की सर्वांत जुना सेक्टर पुसून पुढे चला. यंत्र सुरू होताना प्रत्येक सेक्टरची पहिली नोंद वाचायची, मोठा अनुक्रमांक सापडला की त्या सेक्टरातली पहिली कोरी जागा शोधायची.

लिटलएफएस वीज जाण्याला टिकतं, कारण ते जुनं न खोडता नव्या जागी लिहितं आणि झीज सगळीकडे वाटतं. सेटिंग वगैरे ठेवायला ते उत्तम. पण त्यातली फाईल विंडोजला दिसत नाही, म्हणजे शाळेची अट तिथंही अडतेच. एक मात्र करू नका: या फ्लॅशवर थेट फॅट. दर सिंकला डिरेक्टरीचा तोच सेक्टर पुसला जाईल. दिवसाला २८८ वेळा, आणि त्याची हमी १ लाख वेळांची. वर्षाच्या आत त्या सेक्टरची हमी संपते.

कार्ड फक्त ने-आण करायला ठेवा. बटण दाबलं की फ्लॅशमधून वाचून नवी सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी) फाईल लिहायची, एफ_क्लोज, म्हणजे फाईल बंद झाली की हिरवा दिवा. मध्येच लाईट गेली तरी मूळ नोंद फ्लॅशमध्ये शाबूत. शिवाय कार्ड कायम खोचलेलं नसलं की खाऱ्या वाऱ्यानं बिघडलेल्या सॉकेटमुळे नोंद जायची भीतीही नाही.

धागाकर्ता

ताई, हे अगदी पटलं. एकच विचारतो: नवा सेक्टर पुसत असतानाच वीज गेली तर?

प्रतिसाद २

चालू सेक्टर भरण्याआधीच पुढचा पुसून ठेवा, म्हणजे पुसणं आणि लिहिणं एकाच क्षणी येत नाही. अर्धवट पुसलेल्या सेक्टरात सीआरसी बहुधा जुळणार नाही, सुरू होताना तो पुन्हा पुसा. आणि पावसाची वाट बघू नका. टेबलावर रिलेनं (प्रोग्रॅमनं चालणाऱ्या स्विचनं) वीज वाटेल त्या क्षणी तोडत राहा, दर वेळी अनुक्रमांक सलग आहेत का ते तपासा. शेवटची एखादी नोंद गेली तर चालेल, मधली गेली तर कोड इथं टाका, बघते.