डेट्रॉइटच्या मध्यवस्तीला अर्धा दिवस पुरेल का?

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मध्यवस्तीला अर्धा दिवस पुरेल का, या प्रश्नाला आलेल्या एका उत्तरात दोन तासही पुरेत, असे म्हटले आहे. मला ते पटत नाही. २०१३ साली दिवाळखोरी जाहीर केलेल्या या शहराचा मधला भाग आता इतका सावरला आहे की निदान एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

सुरुवात गार्डियन बिल्डिंगपासून करावी. १९२९ मध्ये बांधलेली ही चाळीस मजली इमारत बाहेरून केशरी विटांची आहे, पण खरे वैभव आतल्या दालनात आहे, जिथे रंगीत फरशांनी मढवलेल्या कमानींखाली उभे राहिल्यावर ही इमारत एका बँकेसाठी बांधली होती यावर विश्वास बसत नाही. तेथून कॅम्पस मार्शियस हा चौक चालत जाण्याइतका जवळ आहे. हिवाळ्यात तेथे बर्फावर स्केटिंग चालते आणि उन्हाळ्यात चक्क वाळू पसरलेली असते.

नदीकाठच्या पायवाटेवरून समोर कॅनडातले विंडसर दिसते, आणि गंमत म्हणजे ते दक्षिणेला आहे!

१९८८ पासून ओसाड पडलेले मिशिगन सेंट्रल हे रेल्वे स्थानक फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये विकत घेतले आणि ते जून २०२४ मध्ये पुन्हा उघडले; ते थोडे पश्चिमेला असले तरी वगळू नये. वेळ उरल्यास वुडवर्ड रस्त्यावरील ट्रामने कलासंग्रहालयात जाऊन मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराची १९३२-३३ मधली सत्तावीस भित्तिचित्रे पाहावीत. मोटार कारखान्यातील कामगारांचे इतके भव्य चित्रण मी अन्यत्र पाहिलेले नाही.