रियाधच्या हॉस्पिटलची ऑफर आलीय, जाऊ का?

उद्यमनगरची_पोरगी:
बी.एस्सी. नर्सिंग झालंय, इथंच एका आयसीयूत आहे. रियाधच्या खासगी हॉस्पिटलची ऑफर मुंबईच्या एजंटमार्फत आलीय. दोन वर्षांचा करार, राहायला हॉस्टेल. एजंट दीड लाख मागतोय, त्यातले पन्नास हजार आधी. आई म्हणते, तिथं बाईमाणसाला एकटीनं बाहेर पडता येत नाही, बुरख्यात राहावं लागतंय. बाबा फक्त पगार विचारतात. राहून आलेलं कुणी असेल तर खरं सांगा. लग्नाचं विचारू नका, ते घरात रोज चालूच असतंय.

तांबडा_पांढरा:
दीड लाख?? एजंट हाय का सावकार?

निवृत्त_सिस्टर:
मी २०१४ ते २०२२ रियाधला होते. आई सांगते तसंच होतं गं, मी गेले तेव्हा. अबाया, म्हणजे अंगभर सैल काळा झगा, त्याच्याशिवाय हॉस्टेलच्या फाटकाबाहेर पाऊल नाही. हॉटेलात कुटुंबांचं दार वेगळं, एकट्या पुरुषांचं वेगळं. मॉलमध्ये मुतव्वे, म्हणजे धार्मिक पोलीस, केस झाकायला सांगत फिरायचे. त्यांचे अटकेचे अधिकार २०१६ ला गेले आणि मग एकेक सुटत गेलं. जून २०१८ ला बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. आमच्या वॉर्डातली सौदी सिस्टर स्वतः गाडी चालवत ड्यूटीला आली, तर निम्मा स्टाफ खिडकीत. २०१९ ला वेगळ्या दाराची सक्तीही गेली.

आता परदेशी बाईला अबायाची सक्ती नाही, अंगभर साधे कपडे असले की झालं. मी मात्र शेवटपर्यंत घातला. खाली गाऊन असला तरी कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दूध आणता येतं!

वॉर्डात वेगळं शिकावं लागतं. बाई पेशंटच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय शिरायचं नाही, तिला चेहरा झाकायला वेळ द्यायचा. कुठं दुखतंय ते तिला विचारलं की उत्तर नवरा देतो. त्याचं ऐकून घ्यायचं आणि परत तिलाच विचारायचं.

पण तुझं खरं दुखणं कपडे नव्हेत, तो एजंट आहे. आपल्या सरकारच्या नियमानं एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. व्हिसा, इकामा (तिथं राहायचा परवाना), वर्क परमिट यांचा खर्च सौदी कायद्यानं मालकाचा. मग दीड लाख कशाचे, ते लेखी माग. त्याची नोंदणी ई-मायग्रेटवर, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवर, बघ. सौदीला जाणाऱ्या नर्सला पदवी असली तरी २०१५ पासून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे आपल्या सरकारची परदेशी नोकरीला जायची मंजुरी, लागतं. 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बघू' म्हणाला तर फोन ठेव.

करारात हुद्दा 'स्टाफ नर्स' असाच आहे का ते वाच. डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी) आणि प्रोमेट्रिक (परवान्याची परीक्षा) यांचे पैसे कोण भरणार, हॉस्टेलचं फाटक रात्री किती वाजता बंद होतं, हेही आत्ताच विचार. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, तो मालकाला ठेवून घेता येत नाही.

रंकाळा_वॉकर:
भाची सौदीतच दम्मामला आहे म्हणून सांगतो. घरचा कांदा-लसूण मसाला नेणार असशील तर खसखस घातलेला नको. तिकडं खसखस अमली पदार्थात धरतात.

उद्यमनगरची_पोरगी:
अरे देवा, आईनं परवाच दोन किलो केलाय, खसखस घालून! सिस्टर, एजंटला नोंदणी क्रमांक विचारला. 'ऑफिसला या, मग सांगतो' म्हणाला.

निवृत्त_सिस्टर:
पैसे दिलेस का?

उद्यमनगरची_पोरगी:
नाही अजून.

निवृत्त_सिस्टर:
मग देऊ नको. हॉस्पिटलचं नाव मला मेसेज कर, तिथल्या मैत्रिणींना विचारते.

तांबडा_पांढरा:
आणि त्या मसाल्याचं काय करणार? पत्ता देऊ का?