कर्ज काढून घरात मायनिंग रिग लावायची का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी बोला

अनगोळकर

मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण विषयच तसा हाय. आमच्या गल्लीतला एक पोरगा, डिप्लोमा झालाय, उद्यमबागला कारखान्यात जातोय, परवा संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला दादा पतसंस्थेतनं 90 हजार काढतोय, सहा जुनी ग्राफिक्स कार्डं मिळायलीत, माळ्यावर रिग लावतो, तुम्ही लावलेली तशीच. मी लावलेली हे खरं हाय. (रिग म्हणजे ग्राफिक्स कार्डं जोडून क्रिप्टो कॉईन काढायला चालू ठेवलेलं मशीन, त्यालाच मायनिंग म्हणतात.) 2021 च्या फेब्रुवारीत आरएक्स 580 ची आठ जीबीवाली सहा कार्डं दुप्पट भाव देऊन घेतली, इथेरियम काढलं, एका कार्डाला 30 मेगाहॅश (कार्डाचा हिशोब करायचा वेग) म्हणजे सहांचे 180, आणि कार्डांचे पैसे फिटून वर चार पैसे राहिले पण. म्हणूनच सांगायलोय, आता कर्ज काढून ह्यात पडू नका.

15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम प्रूफ ऑफ वर्क (कार्डांनी गणितं सोडवून कॉईन मिळवायची पद्धत) सोडून प्रूफ ऑफ स्टेकवर (कॉईन अडकवून ठेवून नेटवर्क चालवायची पद्धत) गेलं, म्हणजे कार्डावर इथेरियम काढायचं कामच संपलं. त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून माळ्यावर बसलेलो. दुपारी सव्वाबाराच्या आसपास स्क्रीनवर शेअर (कार्डानं केलेल्या कामाचे पुरावे) जायचे थांबले आणि सहाही कार्डांचे वॅट एकदम खाली आले, पंखे तेवढे फिरत राहिले. नंतर जगभरची रिकामी झालेली कार्डं इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉईन, एर्गो असल्या कॉईनवर जाऊन पडली. रोज निघणारे कॉईन तेवढेच आणि वाटून घेणारे अनेक पट, मग एकेकाच्या वाट्याला काय येणार?

आता करंटचं बघा. माझी रिग भिंतीतल्या प्लगावर मोजली तर 800 वॅट खायची. सॉफ्टवेअर दाखवतंय त्यावर जाऊ नका, ते नुसतं कार्डाचं दाखवतंय, पॉवर सप्लायमध्ये जळतंय ते आणि मदरबोर्डाचं वेगळं. 800 वॅट म्हणजे दिवसाला 19.2 युनिट, महिन्याला 576. फिक्स चार्ज, टॅक्स सगळं धरून मी युनिटला 7 रुपये धरतो, 4,032 झाले. आणि एवढ्यावर भागत नाही. 2023 पास्नं आपल्याकडं गृहज्योती हाय, म्हणजे कर्नाटक सरकारची घरगुती वीज 200 युनिटपर्यंत फुकट द्यायची योजना. आमचा घरचा वापर 110 युनिट, बिल शून्य येतंय. रिग लावली की 686, आणि 200 च्या वर गेलं की अख्खं बिल भरायचं. म्हणजे आज शून्य भरणाऱ्या घराला 4,802 भरावे लागणार. पोराच्या आईला हे कुणी सांगितलंय का?

खानापूर_रिग

अनगोळकर, तुमचा हिशोब बरोबर हाय पण अर्धा हाय. तुम्ही आजचा कॉईन आजच्या भावानं विकून बघायलासा. मी तसं करतच नाही. 2022 च्या शेवटाला सगळे रिगा मोडून विकत होते तेव्हा मी कास्पा नावाचा कॉईन काढत बसलो, भाव एक सेंटच्या पण खाली, घरचे रोज म्हणायचे बंद कर ते. मी करंट बिलाकडं भिशीच्या हप्त्यासारखं बघितलं, महिन्याला भरायचं आणि विसरायचं. 2024 ला तोच कॉईन दहा सेंटच्या वर गेला. थोडा विकला, त्यातनं घराचं पुढचं पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब टाकला. नुसता तोट्याचा धंदा म्हणून सांगितल्यावर पोरांना अर्धीच गोष्ट कळते.

दुसरं म्हणजे शिकायला मिळतंय. लिनक्स मी रिगमुळं शिकलो, अंडरव्होल्ट (कार्डाचा व्होल्टेज कमी करणं), वायरिंग, नेटवर्क सगळं. आज त्याच कामावर मला पगार मिळतोय.

आणि गृहज्योतीचं म्हणाल तर ज्याच्या घरचा वापर आधीच 200 च्या वर हाय त्याला तो मुद्दा लागूच होत नाही.

टॅक्सची_कामं

खानापूरवाले, आपल्याला फायदा झाला, आनंद आहे. पण एक विचारतो. तेवढ्याच बिलाच्या पैशात तोच कॉईन विकत घेतला असता तर? मी बेळगावात रिटर्न भरायची कामं करतो, दरवर्षी मायनिंग करणारे दोन-तीन तरी येतात आणि सगळ्यांना हेच समजावून सांगावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टो विकून झालेल्या उत्पन्नावर सरसकट 30 टक्के टॅक्स, वर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. कॉईन विकत घेतला असेल तर खरेदीची किंमत दाखवता येते. मायनिंग करून मिळवला असेल तर कार्डं, रिग हा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरणार नाही, हे सरकारने मार्च 2022 मध्येच संसदेत सांगितलेलं आहे, आणि करंटचं बिलही खर्च म्हणून वजा होत नाही. समजा महिन्याचे कॉईन 5,000 ला विकले. टॅक्स 1,560, वीज अनगोळकरांच्या हिशोबाने 4,032, म्हणजे 592 रुपये खिशातून गेले. कागदावर मात्र तुम्ही 5,000 कमावलेले दिसता. तेच 4,032 चा कॉईन विकत घेऊन 5,000 ला विकला असता तर 968 वरच टॅक्स, 302 रुपये, आणि हातात नफा.

एका कॉईनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एक कॉईन देऊन दुसरा घेतला तरी ते विकणंच धरलं जातं, हातात रुपया आलेला नसला तरी. जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस आहे तो वेगळा, पण तो रिटर्नमध्ये जमा दाखवता येतो, त्याची भीती नको.

खानापूर_रिग

सर, टॅक्सचं मान्य, त्यात मी वाद घालत नाही, आणि मी भरलाय. पण विकत घेतला असता हे आता बोलायला सोपं हाय. 2022 ला कास्पा आपल्या इकडच्या एक्स्चेंजवर (कॉईन घ्यायच्या-विकायच्या साईटवर) मिळत होता काय? आणि दर महिन्याला चार हजार रुपये उचलून कुणाला माहीत नसलेल्या कॉईनात घालायची माझी छातीच झाली नसती. रिग चालू होती म्हणून बिल भरलं गेलं आणि कॉईन साठले. माणसाचा स्वभाव पण हिशोबात धरायला लागतो की.

वडगावची_सून

मी मायनिंग करत नाही, पण मायनिंगच्या घरात दोन वर्षं राहिलेय, म्हणून लिहिते. आमच्या ह्यांनी मधल्या खोलीत रिग ठेवलेली. रात्रंदिवस तो आवाज, मे महिन्यात खोलीत पाय ठेवता येत नव्हता, सासूबाई अंगणात झोपायच्या. तेही सोसलं. पण एका रात्री तीनच्या सुमारास प्लास्टिक जळाल्याचा वास आला. उठून बघितलं तर कार्डाला जोडलेल्या रायझरची (कार्ड मदरबोर्डापासून लांब ठेवायला लावतात तो जोड) वायर जिथं बसते तो बारका चपटा प्लग वितळून तपकिरी झालेला, आणि खालीच सासऱ्यांच्या मागावरच्या सुताची बंडलं ठेवलेली. अजून दहा मिनिटं गेली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार आला की आजही अंग थरथरतं. हजार-दोन हजार सुटले की तुटले ह्यावर तुम्ही भावजी मंडळी वाद घालताय, घरात झोपलेल्या माणसांचं कुठंच येत नाही त्यात.

खानापूर_रिग

वैनी, ते वाचून खरंच वाईट वाटलं. तो साटाचा प्लग, हार्ड डिस्कला लावतात तो. त्यातनं 54 वॅटच्या वर ओढायचं नसतंय आणि रायझरमधनं कार्ड 75 पर्यंत मागू शकतंय, म्हणून तो वितळतोय. रायझरला नेहमी सहा पिनची वायर थेट पॉवर सप्लायवरनं द्यायची, आणि एका वायरीवर दोनच्या वर रायझर नकोत. माझ्याकडं रिगेला वेगळी लाईन, वेगळा एमसीबी, अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि रिग गोठ्याशेजारच्या खोलीत, घरात नाही. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट दिवसातनं चारदा जातीय, तेव्हा परत आल्यावर सगळं एकदम चालू होऊ नये म्हणून टायमर लावलाय. नीट केलं तर धोका नाही एवढंच म्हणणं हाय.

वडगावची_सून

नीट करणारे तुम्ही एक असाल. जुनी कार्डं विकणारा माणूस पोरांना एमसीबीचं सांगतो काय?

कागलचा_पाव्हणा

आमच्या इकडं महाराष्ट्रात तर विषयच नको. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्यानं वाढतंय, 100, 300, 500 च्या वर गेलं की दर चढत जातोय. निपाणीतला माझा मेहुणा त्याच रिगेवर तग धरून होता, मी दोन महिन्यात बंद केली. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. तुमच्यापैकी कुणी यूट्यूबवरचा हिशोब बघून ठरवत असेल तर त्यातला विजेचा दर कुठल्या देशातला हाय ते आधी बघा.

शहापूर_पेआऊट

सगळे कमाईवर बोलायलेत, मला मिळालेल्या पैशाचं बोलायचं हाय, कारण माझं नुकसान करंटमध्ये झालं नाही, पेआऊटमध्ये झालं.

पूल म्हणजे अनेकांच्या रिगा एकत्र जोडून कॉईन काढून वाटून घ्यायची सोय. पूलमध्ये तुमचं खातं म्हणजे तुमचा वॉलेटचा पत्ता, बाकी नाव-गाव काही नसतंय. पूल रोज पैसे देत नाही, किमान रक्कम साठली की पाठवतंय. बारकी रिग असली आणि दर आठवड्याला कॉईन बदलत बसलं की प्रत्येक पूलमध्ये थोडं-थोडं अडकून राहतंय, आणि ते कधीच किमान रकमेपर्यंत पोचत नाही. माझे असे तीन ठिकाणी राहिलेत. त्यात पूल पीपीएलएनएसवाला असला तर शेवटच्या ठरावीक शेअरांवर वाटणी होतीय, मधनंच रिग बंद करून दुसरीकडं गेलं की मागची मेहनत पातळ होतीय. पीपीएस असेल तर शेअरमागं ठरलेले पैसे, फी जरा जास्त, पण दिवसाला दोन तास लाईट जाणाऱ्या गावाला तेच बरं.

आता माझी चूक. 2021 ला इथेरियमचं गॅस (कॉईन पाठवायची फी) इतकं वाढलेलं की बारक्या पेआऊटमधला बराच भाग पाठवण्यातच जायचा. तेव्हा पूलनं पॉलिगॉनवरनं (इथेरियमला जोडलेलं दुसरं, स्वस्त नेटवर्क) पैसे घ्यायची सोय काढली, गॅस नावालाच. मी खूश होऊन ते चालू केलं, आणि पत्ता दिलेला एका एक्स्चेंजचा. ते एक्स्चेंज त्या पत्त्यावर फक्त मूळ इथेरियम नेटवर्क घेत होतं. पैसे गेले, एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साईटवर) दिसतात, पत्ता बरोबर, रक्कम बरोबर, आणि माझ्या खात्यात शून्य. सपोर्टला चार महिने लिहीत होतो. स्वतःच्या वॉलेटवर घेतले असते तर नुसतं नेटवर्क बदलून दिसले असते.

म्हणून पूलचा पैसा पहिल्यांदा स्वतःच्या वॉलेटवर घ्यायचा, वॉलेट परत उघडायचे बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायचे, फोनात फोटो काढायचा नाही, आणि विकायच्या दिवशीच एक्स्चेंजला पाठवायचं, तेही आधी थोडं पाठवून पोचलं बघून. दुसऱ्याच्या ताब्यात ठेवलेलं कधी जाईल सांगता येत नाही. 2017 च्या डिसेंबरात नाईसहॅश नावाच्या मायनिंगच्या साईटवरनं साधारण 4,700 बिटकॉईन चोरीला गेले ते मायनरांचेच होते, आणि 18 जुलै 2024 ला वझीरएक्स एक्स्चेंजवरनं 23 कोटी डॉलरच्या आसपास गेले तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी पोरांचे पैसे अडकले.

टॅक्सची_कामं

शहापूरकरांच्या बोलण्याला जोडून. प्रत्येक पेआऊटची तारीख, किती कॉईन, त्या दिवशीचा रुपयातला भाव आणि व्यवहाराचा नंबर वहीत लिहा. वर्षाअखेरीस तीनशे बारके पेआऊट घेऊन माणसं येतात, त्यातले निम्मे पूल बंद पडलेले असतात आणि मग काहीच काढता येत नाही. किमान रक्कम वाढवून महिन्याला एकदाच घेतलं तर लिहायला बारा ओळी.

अनगोळकर

खानापूरवाल्यांच्या हिमतीला मी मानतो, पण त्यांच्याकडं कार्डं आधीच होती, कर्ज नव्हतं, आणि वेगळी खोली होती. ह्या पोराचं तसं नाही. 90 हजाराला 14 टक्के व्याज धरलं तर वर्षाला 12,600, महिन्याला 1,050 नुसतं व्याज. ते करंटवर चढवा. आणि ज्या कास्पानं त्यांचा स्लॅब झाला त्याला 2023 लाच एसिक मशिनं (फक्त मायनिंगलाच बनवलेली) आली, आता कार्डावर त्यात काही हाती लागत नाही. पुढचा तसला कॉईन कुठला हे तुम्हाला ठाऊक हाय काय, खानापूरवाले? ठाऊक असलं तर सांगा, मी पोराला स्वतः नेऊन कर्ज काढून देतो.

खानापूर_रिग

नाही ठाऊक. तेव्हा पण नव्हतं, मी एकाच वेळी चार कॉईन काढत होतो, त्यातले तीन आज कवडीमोल हायत. कर्ज काढून करू नये हे मला पण पटतंय, त्यावर भांडण नाही. पण ज्याच्या पीसीत आधीच कार्ड हाय त्यानं एका कार्डावर शिकायला काय हरकत? त्याला पण तुम्ही नको म्हणणार?

हिंडलगा_22

नमस्कार, तो पोरगा मीच. अनगोळकर दादांनी आधी विचारून लिहिलंय. सगळं वाचलं, वैनींचं आईला पण वाचून दाखवलं. सोमवारी पतसंस्थेत जामीनदाराची सही होती ती थांबवलीय. मामांना काय सांगायचं ते बघतो, ते जामीन राहणार होते.

पण खानापूर दादा म्हणतात ते मला पटलंय. माझ्या पीसीत गेम खेळायला घेतलेलं आरटीएक्स 3060 एक हाय. एक महिना फक्त त्याच्यावर चालवतो, रात्री झोपताना बंद. आज संध्याकाळी सातला मीटरचं रीडिंग वहीत लिहिलंय. वॉलेट केलंय, शब्द कागदावर हायत. प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर कुठं मिळेल खडेबाजारात?

अनगोळकर

विकत घेऊ नको रे, माझा माळ्यावरच पडलाय. उद्या कामावरनं येताना घेऊन जा. आणि गृहज्योतीचे किती युनिट शिल्लक राहतात ते आईच्या मागच्या बिलावर बघून ये.