जीएसटीने छंद मारला म्हणे! आधी बिल तरी नीट वाचा

दुदांडी_सातारा
काल 'रोखठोक' यांनी लिहिलं: "ऑनलाइन कराने नाण्या-तिकिटांचा छंद संपवला. हजाराच्या नाण्यावर सरकार १८ टक्के खातंय. शहाण्याने आता साताऱ्या-सांगलीच्या बाजारात रोखीत, बिलाशिवाय घ्यावं." खाली अंगठ्यांची रांग लागलीय. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

१८ आणला कुठून? संग्राह्य नाण्यांवर ५ टक्के आहे, आणि तो आजचा नाही. तिकिटं, फर्स्ट डे कव्हरं (तिकिटाच्या पहिल्या दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं) यांच्यावर १२ होता, तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. १८ दिसतो तो कमिशनवर. लिलावाचं बिल उलगडून बघा. हातोडा १,००० ला पडला. लिलाववाल्याचं कमिशन, म्हणजे प्रीमियम, १५ टक्के धरू, तर १५०. त्यावर १८ टक्क्यांनी २७. नाण्यावर ५ टक्क्यांनी ५०. टपाल-पॅकिंग १००. एकूण १,३२७. वरच्या ३२७ मध्ये कर ७७. उरलेले २५० लिलाववाल्याचे आणि टपालाचे. शिव्या मात्र सगळ्या कराला.

बोली लावताना हिशेब उलटा करायचा असतो, तो कुणी करत नाही. खिशात हजारच असतील तर आधी टपालाचे १०० काढा, उरलेल्या ९०० ला १.२२७ ने (नाणं १, प्रीमियम ०.१५, त्यावरचा कर ०.०२७, नाण्यावरचा कर ०.०५) भागा. ७३३ येतात. ७३० ला थांबायचं. हजारापर्यंत बोली ताणून मग बिल बघून बोंब मारायची, याला करभार म्हणत नाहीत.

आणि 'बिलाशिवाय घ्या' हा सल्ला तर जाहीर बेजबाबदार आहे.

रोखठोक_सांगली
आकडा चुकला, कबूल. मुद्दा चुकला नाही. गिऱ्हाइकाच्या खिशातून ३२७ जातात. त्यातले दिल्लीला किती आणि लिलाववाल्याला किती हे बघून पोट भरतं होय? शिवाय तुम्ही फक्त लिलाव धरलाय. पोर्टलवर विकणाऱ्याचं कमिशन कापलं जातं, कमिशनवर १८ टक्के कापतात, वर टीसीएस, म्हणजे पोर्टलने आधीच कापून ठेवलेला कर. तो बिचारा हे सगळं किमतीत चढवतो. ४०० चं नाणं ५२० ला दिसतं ते उगाच?

हिशेबनीस_विश्रामबाग
रोखठोकदादा, टीसीएस किमतीत चढवायचं कारणच नाही. तो पोर्टलने विक्रेत्याच्या नावावर सरकारजमा केलेला पैसा आहे, विक्रेत्याच्या जीएसटी खात्यावर (कॅश लेजरला) येतो, तिथून तो आपला कर भरतो. पूर्वी १ टक्का होता, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का. पैसा महिनाभर अडकतो, एवढंच. कमिशनवरच्या १८ टक्क्यांचंही नोंदणीकृत विक्रेत्याला क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळू शकतं.

खरी गफलत दुसरीकडे आहे, आणि ती तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली. जुन्या वापरलेल्या वस्तूंचा व्यापारी जीएसटीच्या नियम ३२(५) खाली फक्त नफ्यावर कर भरू शकतो, खरेदीवर क्रेडिट घेतलेलं नसेल तर. संग्राहकाकडून ८०० ला घेतलेलं नाणं १,००० ला विकलं, तर कर २०० वर. ५ टक्क्यांनी १० रुपये, ५० नव्हे. तोटा झाला तर तो व्यवहार शून्य धरायचा. यासाठी लागतं काय? ८०० ची खरेदी पावती, देणाऱ्याच्या सहीची. बाजारात ती कुणी करत नाही, म्हणून विकताना पूर्ण हजारावर कर बसतो. बिलाशिवाय घेण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे ४० रुपये आपल्या नावावर लिहून घ्यावेत.

आणखी एक. व्यापारी कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक कराची योजना) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. त्याच्या कागदावर 'बिल ऑफ सप्लाय', म्हणजे कर न लावलेलं बिल, असतं. तिथे खाली ५ टक्के लावलेले दिसले तर ते पैसे देऊ नका.

टपालवेडी
तुमची नाणी बाजूला ठेवा. ५० रुपयांचं तिकीट मागवणाऱ्याला कराचे अडीच रुपये लागतात. अडीच! छंद मारला तो टपाल खात्याने. १ सप्टेंबर २०२५ ला रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. रजिस्टर्ड पंचवीस-सव्वीस रुपयांपासून जायचं. आता ५० ग्रॅमपर्यंत स्पीड पोस्ट गावाबाहेर ४७, रजिस्ट्रेशनचे ५, त्यावर १८ टक्के. झाले ६१ रुपये ३६ पैसे. मालापेक्षा हमाली जास्त. त्यामुळे २०-३० रुपयांच्या तिकिटांची देवघेव बंद पडली, आणि नवीन पोरं नेमकी तिथूनच सुरुवात करायची.

हरवलं तर भरपाई किती माहितीय? टपालखर्चाच्या दुप्पट किंवा हजार, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे सव्वाशेच्या आत.

दुदांडी_सातारा
हे मात्र सोळा आणे खरं, ताई. माझ्या हिशेबात टपाल १०० लिहून मी पुढे गेलो, तिथेच थांबायला हवं होतं. महिन्याला दोन हजार घालवणारा आजही दोन हजारच घालवतो. पूर्वी त्यात पंधरा पाकिटं यायची, आता तीन येतात. स्वस्त माल कुणी मागवत नाही, म्हणून कुणी मांडत नाही.

रोखठोक_सांगली
म्हणजे छंद मेलाच की! खुनी कोण यावरच तुमचं भांडण. म्हणून म्हणतो, पाकीट नको, टपाल नको, कर नको. रविवारी बाजारात जा, हातात घेऊन बघा, रोख द्या.

ओतीव_नको
हातात घेऊन काय बघणार ते पण सांगा ना राव. बाजारात सध्या दहातल्या निम्म्या शिवराया (छत्रपतींच्या नावाची जुनी तांब्याची नाणी) ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेल्या नकला, वाटतात. बिल नाही, म्हणजे परत घेणं नाही.

रोखठोक_सांगली
वजन करायचं. काटा असतो की खिशात.

ओतीव_नको
शिवराईला वजन?! वेगवेगळ्या टांकसाळी, दीडशे वर्षांचा काळ. कुठली ९ ग्रॅम भरते, कुठली १२-१३. शिवराईचं वजन बघून खरी ठरवणारा माणूस व्यापाऱ्याला देवच पावल्यासारखा असतो. बघायचं ते असं:

कड फिरवून बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला बारीक शिवण येते. ती कानशीने घासलेली असली तर कडेला एकाच दिशेच्या रेघा दिसतात. मग १० पटींच्या भिंगाखाली मैदान बघा, म्हणजे अक्षरांमधली मोकळी जागा. ओतीव असेल तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, धातू थंड होताना अडकलेल्या हवेची. 'श्री राजा शिव' ची अक्षरं पायथ्याशी गोलावलेली, लोण्यात बोट ओढल्यासारखी असतील तर ठेवून द्या. ठोकलेल्या नाण्यात अक्षराची भिंत उभी असते, झिजली तरी पायथा कळतो.

आणि सगळ्यात सोपी खूण: दोन नाणी शेजारी ठेवा. ठसा हाताने ठोकलेला, त्यामुळे मजकूर प्रत्येक चकतीवर वेगळ्या जागी सरकतो, कुठे 'छत्र' अर्धं बाहेर जातं तर कुठे 'पति'. दोन दुदांडींत, म्हणजे दोन आडव्या रेघांच्या शिवरायांत, त्या रेघा त्याच ठिकाणी तुटलेल्या आणि कडेला खोकही एकाच जागी? एकाच साच्यातली भावंडं आहेत. दोन्ही परत.

मोती_चौक
पाण्यातलं वजन करा, लगेच कळतं.

ओतीव_नको
कळतं ते चांदीच्या रुपयाला. शिवराईची नक्कल मोडीच्या तांब्याचीच असते, घनता तीच येणार. पितळेची असली तरी ९ ग्रॅमला फरक ०.०५ चा, एक बुडबुडा चिकटला की गेला.

मोती_चौक
बरं, रुपयाचं मी सांगतो, उगाच अर्धवट नको. ०.०१ ग्रॅमचा सोनाराचा काटा. वर पेला, पेल्यात पाणी, काटा शून्यावर आणायचा. नाणं शिवणाच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायचं, तळाला आणि काठाला टेकू द्यायचं नाही, दोरा हातात. काट्यावर जे दिसेल ते बाजूला सारलेलं पाणी. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी, तर १.१३ च्या आसपास दिसलं पाहिजे. जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला, चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) असेल तर १.३ च्या पुढे जातं. आधी पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटतात. १९४० ते ४५ चे रुपये निम्म्या चांदीचे, त्यांना हा आकडा लावू नका.

रोखठोक_सांगली
रविवारच्या बाजारात पेला, पाणी, दोरा आणि साबण घेऊन बसू काय? घासून चकचकीत केलं की तांबं आहे का पितळ, डोळ्यांनी कळतं. चिंच लावायची.

ओतीव_नको
चिंच!!! संपला विषय. चिंचेच्या कोळाने घासलेली शिवराई गुलाबी पडते, आणि ती गुलाबी शिवराई निम्म्या किमतीलाही जाणकार उचलत नाही. तुमची अख्ख्या वर्षाची जीएसटी एका चिंचेत गेली. वरचा तपकिरी थर हाच तिचा जन्मदाखला. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रशने टिपा. हिरवी पूड पुसली तरी पुन्हा येत असेल तर तो क्षारांचा रोग आहे, ते नाणं वेगळं ठेवा आणि डबीत सिलिका जेल टाका. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत तर ठेवूच नका, चिकट हिरवा थर धरतो.

रोखठोक_सांगली
बरं बाबा, चिंच मागे. तुमच्यापुढं बोलायची सोय न्हाई.

मोटारवेडा
५ टक्क्यांवर किती रडाल? इकडे छोट्या मोटारींच्या मॉडेलवाल्यांकडे या. खेळण्यांवर सीमाशुल्क २०२० ला २० वरून ६०, २०२३ ला ७०. २०२१ पासून बीआयएसचं (सरकारी दर्जाचं) चिन्ह सक्तीचं, ते नसेल तर पार्सल अडतं. मित्राने परदेशातून 'गिफ्ट' लिहून पाठवायची वाटही डिसेंबर २०१९ ला बंद.

टपालवेडी
तुमचं दुःख मोठं आहे, दादा. धागा मात्र नाण्यांचा आहे.

मोती_चौक
ऑनलाइन आणि कर हे दोन शब्द एकत्र आलेत म्हणून एक सांगून ठेवतो. 'ट्रॅक्टरवाली ५ ची नोट द्या, लाखो घ्या' अशी जाहिरात येते. फोन केला की 'आधी जीएसटी भरा, मग रक्कम सोडतो'. विकणाऱ्याकडून कर आगाऊ मागणारा कुठलाही खरेदीदार खरा नसतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकारावर पत्रक काढलंय: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक नाही, आणि तिच्या नावाने शुल्क किंवा कर मागायला कुणालाही नेमलेलं नाही. गावाकडं अजून लोक फसतात.

रोखठोक_सांगली
हे मान्य. आता हिशेबनीस, तुम्हाला एक सरळ प्रश्न. आपला जादा माल गटात विकणारा सांगलीचा साधा संग्राहक, त्याला पण नोंदणी लागते म्हणता काय? ४० लाखांची मर्यादा आहे की.

हिशेबनीस_विश्रामबाग
घरचा संग्रह कधीतरी मोडायला काढला तर तो धंदा नव्हे, कर नाही. पण दर शनिवारी 'उपलब्ध' म्हणून वीस फोटो टाकायचे आणि वर 'मी फक्त छंदिष्ट' म्हणायचं, हे चालत नाही. कायद्यातल्या धंद्याच्या व्याख्येत उलाढाल किती, नियमित आहे की नाही, याला महत्त्वच नाही.

४० लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यात. धंदा म्हणून माल परराज्यात विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी. म्हणजे गडचिरोलीला पाकीट पाठवा, काही नाही. मिरजेहून म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडला पाठवा, झाली आंतरराज्य विक्री.

रोखठोक_सांगली
बघा! हेच मी कालपासून बोंबलतोय. कागवाडचा माणूस बाजारहाटाला मिरजेत येतो, त्याला शिवराई पाठवायची तर जीएसटी नंबर! आता बोला की दुदांडी.

दुदांडी_सातारा
काल तुम्ही १८ टक्के म्हणत होता. कागवाड आज निघालं. पण हो, हा नियम आडमुठा आहे. घ्या, एक गुण दिला.

रोखठोक_सांगली
एका गुणाचं काय करू? कागवाडवाल्याला म्हणतो, म्हैसाळला ये आणि हातात घेऊन जा. मग तर झालं?

हिशेबनीस_विश्रामबाग
ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत बिलावर जो पत्ता, ते पुरवठ्याचं ठिकाण. माल म्हैसाळला दिला आणि बिलावर कागवाड लिहिलं तर विक्री कर्नाटकातच धरणार. पत्ता लिहिला नाही तर विकणाऱ्याचं ठिकाण धरतात.

रोखठोक_सांगली
म्हणजे बिल द्यायचं, पण पत्ता लिहायचा नाही?

हिशेबनीस_विश्रामबाग
समोर येऊन, हातात घेऊन, रोख देऊन गेला असेल तर. बिल मात्र द्यायचं.

ओतीव_नको
आणि चिंच लावलेलं नाही असं त्याच बिलावर लिहून द्यायचं.