प्रतिसाद: रिकर्शन इतक्यात टाकू नका
१२ × १२ मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट (निश्चयक) काढताना प्रोग्राम अडकतो म्हणून रिकर्शनच (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) सोडा, हा वरचा सल्ला घाईचा वाटतो. १२! (१ ते १२ चा गुणाकार) म्हणजे ४७,९०,०१,६०० पदं, अडकणारच! पण खरी उधळपट्टी ही की तेच मायनर (ओळ आणि कॉलम गाळून उरलेले छोटे डिटर्मिनंट) पुन्हा पुन्हा काढले जातात. मायनरसाठी नवी ॲरे बनवूच नका. कोणते कॉलम शिल्लक आहेत ते एका पूर्णांकाच्या बिटांत ठेवा आणि आलेलं उत्तर त्या आकड्याखाली साठवा. गुणाकार उरतात फक्त २४,५७६. चिन्ह मात्र शिल्लक कॉलमांतल्या क्रमावरून ठरवायचं, मूळ क्रमांकावरून नाही. नवशिके हमखास इथेच गडबडतात. शून्य दिसलं की ते पद सरळ सोडा.

५० × ५० हवं असेल तर गाउस एलिमिनेशनच (ओळींची वजाबाकी करत कर्णाखाली शून्यं आणणं). नोंदी पूर्णांक असतील तर बॅरिसची पद्धत बघा, त्यात भागाकार निःशेष जातो.